तिसरा प्रश्न

"चेहरा चौकटीत घ्या मावशी. अजून थोडं जवळ. हां, बास. आता उजवीकडं बघा. डावीकडं. एकदा डोळे मिटून उघडा."

पडद्यावरच्या बाईनं सगळं सांगितलं तसं केलं. डोक्यावर पदर, कपाळाला ठसठशीत कुंकू, मागं निळी भिंत आणि भिंतीला बियाण्याच्या दुकानाचं कॅलेंडर. कार्ड हनुवटीजवळ धरा असं मी म्हणाले, तिनं धरलं. मोबाईलवर आलेले आकडे वाचा म्हणाले, ते शेजारून कुणीतरी तिला हळूच सांगितले. आकड्यांना आमच्याकडं तेवढी सवलत होती, कारण निम्म्या बायकांना आकडे वाचता यायचे नाहीत.

"तुमचं नाव?"

"गयाबाई शेजूळ."

"जन्मगाव?"

"हेच. हिवरतळ."

"वडलांचं नाव?"

"नागोराव गिराम."

"आणि मालकांचं?"

तेही तिनं सांगितलं.

"तुमच्या वाट्याची जमीन सौर कंपनीला भाड्यानं द्यायला तुम्ही राजीखुशीनं तयार आहात?"

"व्हय."

"कुणाची जबरदस्ती नाही ना?"

"नाई."

माझ्या पडद्यावर तीन हिरव्या खुणा उमटल्या. कार्ड खरं, नंबर खरा, चेहरा जुळतो. चौथी खूण माझी. मी 'मान्य' दाबलं की गयाबाई शेजूळ यांची ओळख पटली आणि संमती मिळाली. बोट बटणावर होतं आणि ते काही खाली जाईना.

"मावशी, नेट अडकतंय," मी म्हणाले. "थोड्या वेळानं परत फोन करते, बसून राहू नका."

नेट चांगलं पळत होतं. पण कुणावर तरी खापर फोडायचं असलं की आम्ही ते नेटवर फोडायचो, ते बिचारं उलटून बोलत नाही.

मी तेव्हा पुण्यात एका लहानशा कंपनीत ओळख पडताळणीचं काम करायचे. गावोगावच्या जमिनी सौर प्रकल्पाला भाड्यानं घेणारी एक मोठी कंपनी आमचं गिऱ्हाईक. जमिनीच्या सातबाऱ्यावर जितकी नावं, तितक्या लोकांची संमती लागते, आणि भावांच्या नावांखाली लग्न होऊन गेलेल्या बहिणींचीही नावं असतात. त्या बहिणी कुठं कुठं पांगलेल्या. त्यांना गाठायला गाडी पाठवण्यापेक्षा व्हिडिओवर बघणं स्वस्त. म्हणून दिवसभर मी कानाला यंत्र लावून अनोळखी बायकांना उजवीकडं बघा, डावीकडं बघा म्हणत बसायचे. आमच्याकडं नऊवारीतल्या बायका यायच्या त्या बहुतेक माझ्याच वाट्याला, कारण मी मूळची परभणीकडची. माझ्या बोलण्यात गाव आहे असं ऑफिसातले म्हणायचे. कौतुकानं म्हणायचे का कसं, ते मी कधी विचारलं नाही.

तर माझं बोट का अडलं?

माझी आई रेशनच्या दुकानात गेली आणि दुकानदारानं नवऱ्याचं नाव विचारलं की मला पुढं ढकलायची. "सांग गं, तुझ्या बापाचं नाव सांग." पोरं कशाला होतात तर याच्यासाठी, असं मला बरेच दिवस वाटत होतं. त्या वयाची, त्या भागातली बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. आमच्या पडद्यावर हे रोज चालायचं. बाकी सगळं फडाफडा सांगणारी बाई त्या प्रश्नाला आली की पदर तोंडाशी न्यायची, हसायची, "कार्डावर लिव्हलंय की" म्हणायची, बाजूला बघायची. आम्ही आपसात त्याला लाजेचा प्रश्न म्हणायचो आणि त्याला जास्तीचा वेळ धरूनच चालायचो. शेवटी घ्यायच्या. एखादी उखाण्यात घ्यायची आणि आम्ही सगळे हेडफोनमधून हसायचो.

या बाईनं ते नाव दुकानातून साखर मागावी तसं सांगितलं.

आता माझ्या वयाच्या पोरी नवऱ्याला नावानंच हाका मारतात. मीही मारते, आणि भांडण झालं तर पूर्ण आडनावासकट मारते. एखादी म्हातारीही सुधारलेली असेल. हे सगळं मला कळत होतं. तरी मी उठले आणि टिपणीस सरांच्या टेबलाशी गेले.

हर्षद टिपणीस आमचे टीम लीडर. माणूस वाईट नाही, पण रकान्यातला. त्यांनी व्हिडिओ सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिला.

"मग? सगळं तर बरोबर आहे."

"सर, हिनं नवऱ्याचं नाव लगेच सांगितलं."

"बरोबर सांगितलं ना?"

"बरोबरच सांगितलं."

"अगं मग तक्रार काय आहे तुझी?"

मी त्यांना आईचं, रेशनच्या दुकानाचं सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग संशय नोंदवायची यादी माझ्याकडं वळवली. अंधुक चित्र. दुसऱ्या कुणीतरी उत्तर सुचवणं. कार्डात फेरफार. ग्राहक घाबरलेला.

"तुझा अंदाज यातल्या कुठल्या रकान्यात भरू, तूच सांग. उत्तर बरोबर आलं म्हणून मी संशय नोंदवला तर उद्या मला घरी पाठवतील. पाच वाजता ही फाईल जाणार आहे. तोवर तुला काही सापडलं तर बघू."

फाईलवर नंबर एकच होता आणि तो गयाबाईच्या भावाचा, बाबाराव गिरामचा. त्यात नवल नव्हतं. तिकडं सगळ्या घराचा मिळून एक नंबर सगळ्या कागदांवर असतो. म्हातारीचा, सुनेचा, पोरांचा, सगळ्यांचा. घरात ज्याचा फोन नीट चालतो त्याचा. सोय म्हणून देतात, आणि एकदा दिला की त्या माणसाच्या खिशात आपली सगळी ओळख जाऊन बसते हे कुणाच्या ध्यानात येत नाही. गयाबाईला विचारायला फोन केला असता तर तो बाबारावच उचलणार होता.

पण फॉर्मच्या शेवटी गावातल्या एका ओळखीच्या माणसाचा नंबर भरावा लागायचा. तिथं बाबारावनं गावच्या आशा आरोग्यसेविकेचा, लंकाताईचा, नंबर टाकला होता. गावात सगळेच तिचा टाकतात, कारण तिचा फोन कधी बंद नसतो. आम्ही त्या नंबरांवर सहसा फोन करायचो नाही, हे त्यालाही बहुतेक माहीत असावं. मी लावला.

"लंकाताई बोलता का? हिवरतळच्या गयाबाई शेजूळांना ओळखता?"

"ओळखते म्हंजे काय, गावाची लेक हाय ती. समद्यांची आत्या. काय झालं तिला?"

"काही झालं नाही. आत्ता कुठं असतील त्या?"

"कुठं म्हंजे? हितंच. मी तिच्याच दारात बसलेय, बीपी बघायला आले व्हते. का वो?"

थोड्याच वेळापूर्वी गयाबाई माझ्याशी निळ्या भिंतीपुढं बसून बोलत होती. मी लंकाताईला विचारलं, तिथं निळी भिंत आहे का. ती म्हणाली, "भिंत कुठली बाई, पत्र्याचं खोपट हाय. निळी भिंत बाबारावाच्या घरी."

मी लंकाताईला व्हिडिओची लिंक पाठवली. आणि नियमाप्रमाणं पहिलं वाक्य वाचलं: हा संवाद रेकॉर्ड होत आहे आणि कंपनीकडं जपून ठेवला जाईल.

चौकटीत दुसरी बाई आली. चेहरा तोच होता. तेच नाक, तीच हनुवटी. फक्त ही जास्त उन्हातली होती, गाल बसलेले, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं आणि त्यावर जाड चष्मा. हातात हिरव्या बांगड्या होत्या. मागं शेवग्याचं झाड आणि त्याला बांधलेली शेळी.

"मावशी, तुम्ही जमीन सौर कंपनीला द्यायला तयार आहात का?"

"मी? मला पुसलं कुणी?" ती म्हणाली. "चार वेळा भाऊ आला, चार वेळा नाई म्हणलं. या जमिनीवर माझं घर हाय. हे गेलं तर मी शेळ्या घेऊन कुठं उभी राहू? तो म्हणतो माझ्या घरी ये. भावजयीच्या चुलीपुढं मला बसायचं नाई. त्यापरीस मेलेलं बरं."

तिनं हे रडून नाही सांगितलं, भाव करावा तसं सांगितलं.

"मघाशी कुणीतरी तुमच्या नावानं माझ्याशी बोललं. तुमच्यासारखंच तोंड आहे."

लंकाताईनं आणि तिनं एकमेकींकडं बघितलं.

"सुंद्रा," ती म्हणाली. "धाकटी हाय माझी." आणि शेळीकडं तोंड फिरवलं. "तिनं तिचा हक्क मागंच सोडून दिला भावाला. तिला काय, तिचा मालक शाळेत शिपाई हाय, घर हाय. तिला बसवलं व्हय."

मी टिपणीस सरांना बोलावलं. ते माझ्या खुर्चीमागं उभे राहिले, बघितलं, आणि चष्मा काढून पुसला. माझ्या देखत त्यांनी बाबारावला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. बाबाराव एक क्षणही अडखळला नाही.

"साहेब, ती सुंद्रा हाय, माझी धाकटी बहीण. हक्क सोडून दिला आन् आता जीव जळायलाय तिचा. जरा डोक्यानं कमी हाय. ती लंका तिला फूस लावती. गया तर माझ्या घरीच हाय, देऊ का? तुमच्या बाईशी बोलली ना मघाशी."

फोन ठेवल्यावर सर म्हणाले, "आता बोल. एकीकडं कार्ड, नंबर, चेहरा, उत्तरं, सगळं आहे. दुसरीकडं काय आहे?"

दुसरीकडं काहीच नव्हतं. कार्ड भावाकडं. नंबर भावाचा. चेहऱ्याला मशीननं लाल खूण दिली, कारण कार्डावरचा फोटो ऑपरेशनच्या आधीचा. मशीनचं ऐकायचं तर खरी गयाबाई खोटी होती, आणि मी त्या मशीनच्या बाजूनं पगार घेत होते.

"अपवादाची पद्धत आहे ना सर," मी म्हणाले.

होती. ज्याच्याकडं कार्डही नाही आणि नंबरही नाही, त्याला तीन प्रश्न विचारायचे. जन्मगाव, वडलांचं नाव, विवाहित बाई असेल तर नवऱ्याचं नाव. तिन्ही उत्तरं त्याच्याच तोंडून, कॅमेऱ्याकडं बघत, कुणी न सुचवता. कार्ड दुसऱ्याच्या हाती जातं, नंबर जातो, पण तोंडातलं कुणी काढून घेऊ शकत नाही, असा त्यामागं विचार होता.

"तिन्ही बरोबर आली तर एका नावाच्या दोन दावेदार होतात," सर म्हणाले. "मग संमती थांबते आणि कंपनीचा माणूस गावात जाऊन प्रत्यक्ष बघतो. एक जरी राहिलं तरी ही बाई आपल्या लेखी कुणी नाही, आणि पहिलीची संमती पाच वाजता जाते. मी यात काही करू शकत नाही."

प्रत्यक्ष कुणी गेलं असतं तर संपलंच होतं, हिवरतळात शेंबडं पोरही गया कोण आणि सुंद्रा कोण ते सांगू शकत होतं. तिन्ही उत्तरं आली असती तर तिचं घर वाचलं असतं. मला वाटलं, झालं आता.

"मावशी, जन्मगाव?"

"हिवरतळ."

"वडलांचं नाव?"

"नागोराव. गिराम."

"मालकांचं नाव?"

ती हसली नाही. पदरही तोंडाशी नेला नाही. नावही घेतलं नाही.

"मावशी, लाजू नका. मीच आहे इथं."

"लाज न्हवं, बाई."

"मग?"

"लंकाला ठाव हाय ना नाव. ती सांगंल."

"तिनं सांगितलेलं चालत नाही. तुमच्याच तोंडून पाहिजे. लिहिता येतं का तुम्हाला?"

"सही येती. माझ्या नावाची."

टिपणीस सरांनी मागून हळूच सुचवलं, "उखाणा घेऊ दे. नाव आलं म्हणजे झालं." त्या क्षणी मला त्यांच्याबद्दल फार बरं वाटलं. मी मोठ्या उत्साहानं सांगितलं, "मावशी, उखाण्यात घ्या, चालतंय."

"उखाण्यात काय नाव नसतं व्हय?" ती म्हणाली. "उखाणा लग्नात घेतला म्या. ते शेजारी उभे व्हते, ऐकायला. समोर असले तर घ्यावं, त्याला काही न्हाई. नसताना कसं घेऊ?"

"वारले का ते?"

"म्या म्हणलं का वारले?" तिचा आवाज पहिल्यांदा चढला. "गेलेत. उसाच्या टोळीबरोबर गेले कारखान्यावर. टोळी आली, ते नाई आले. कुणी म्हणलं सुरतेला बघितलं, कुणी काय म्हणलं. सासरच्यांनी म्हणलं बांगड्या फोड. म्या म्हणलं मला मढं दाखवा, मग फोडते. मग त्यांनी मला माहेरी आणून घातलं. बानं हितं पत्रे टाकून दिले. तवापासून हाय."

लंकाताईनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. "आत्या, बाईला वेळ नाई."

"बाई," गयाबाई मला म्हणाली, "तू कुठली?"

"गंगाखेडजवळची."

"मग तुला ठाव आसंल. नवऱ्याचं नाव बायकूच्या तोंडून गेलं की त्याचं आयुष्य कमी होतं. एवढी वर्षं म्या न्हाई घेतलं. ते कुठं हायेत मला ठाव न्हाई. जेवले का उपाशी, ते ठाव न्हाई. माझ्या हातात एवढंच व्हतं त्यांच्यासाठी करायचं, ते करत आले. आता तू म्हणतीस ते बी सोड."

ऑफिसात आजूबाजूला पंधरा जण पंधरा जणांना डोळे मिटा, उघडा म्हणत होते. टिपणीस सर माझ्या मागून सरकून खिडकीशी गेले होते. घड्याळ पडद्याच्या कोपऱ्यात होतंच, तिकडं बघायची गरज नव्हती. मला त्या यादीचा राग आला, प्रश्न लिहिणाऱ्या माणसाचा राग आला, आणि सगळ्यात जास्त सुंद्राबाईचा आला. तिनं ते नाव घेतलं तेव्हा तिचं काहीच गेलं नव्हतं.

"मावशी," मी म्हणाले, "मी काही सोड म्हणत नाही. तुम्ही नाही घेतलं तर मी फोन ठेवते आणि जमीन जाते. घेतलं तर राहते. याच्यापेक्षा दुसरं काही माझ्या हातात नाही. असतं तर केलं असतं, तुमची शपथ."

ती उठली. मला वाटलं, गेली. पण ती रांजणाकडं गेली, हात धुतले, तोंड धुतलं, पदरानं पुसलं, परत येऊन बसली. डोक्यावरचा पदर नीट केला आणि तोंड फिरवून शेताकडं बघू लागली.

आणि मला म्हणावं लागलं, "मावशी, कॅमेऱ्याकडं बघा. चेहरा चौकटीत पाहिजे."

तिनं माझ्याकडं बघितलं. मग तिनं ते नाव घेतलं. सांगितलं नाही, हाक मारली. बांधाच्या पलीकडं काम करणाऱ्या माणसाला जेवायला बोलवावं, तशी मोठ्यानं, लांबवून. शेळीनं मान वर केली. लंकाताई तोंडावर हात ठेवून बसली. आणि गयाबाई खरंच थोडा वेळ थांबली, कुणी ओ देईल म्हणून.

"झालं का तुमचं?" तिनं विचारलं.

"झालं मावशी."

मी खूण केली. संमती थांबली. पुढच्या आठवड्यात कंपनीचा माणूस हिवरतळला गेला. त्याला फार चौकशी करावी लागली नाही. बसस्टँडवर पहिल्याच माणसाला विचारलं, त्यानं थेट शेवग्याच्या झाडाखाली नेऊन उभं केलं. बाबारावचा हिस्सा कंपनीनं घेतला, गयाबाईचा वगळला. बाबारावनं हात जोडून चूक झाली म्हणून सांगितलं आणि प्रकरण तिथंच मिटलं, घरातली भांडणं मिटतात तसं. सुंद्राबाई म्हणे नंतर एकदा बहिणीकडं येऊन दारातच बसून राहिली. गयाबाईनं तिला आधी चहा दिला आणि मग शिव्या दिल्या. हे मला लंकाताईनं कळवलं.

पण त्याच्या आधीचं सांगायचं राहिलं.

त्या फोनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामावर बसते न बसते तोच लंकाताईच्या नंबरावरून फोन आला. आवाज गयाबाईचा होता.

"बाई, काल म्या जे बोलले, ते तुमच्याकडं राहिलं का गेलं?"

"कुठलं मावशी?"

"नाव."

"राहिलं. रेकॉर्ड होतं ते. मी सुरुवातीला सांगितलं होतं."

"सांगितलं व्हतंस. माझ्या ध्यानात न्हाई आलं, काय राहतं ते. खोडता येतं का?"

लोक मला रोज काय काय विचारायचे. माझा फोटो कुठं जातो, माझं बोट कोण बघतं, उद्या कुणी माझ्या नावावर कर्ज काढलं तर. त्याची उत्तरं आम्हाला छापून दिलेली होती. याचं नव्हतं.

"मला नाही खोडता येत मावशी. कंपनीला ठेवावं लागतं. पुढं कुणी भांडण काढलं तर तेच तुमच्या उपयोगी येईल."

"मग ते कुणी ऐकतं का?"

"कुणी मागितलं तर ऐकवतात."

"ऐकवू नको," ती म्हणाली. "घर राखायला एकदा घेतलं, त्याची माफी मागीन म्या त्यांची. पण तू ते परत परत वाजवलंस, तर म्या परत परत घेतल्यासारखं व्हईल. एकदाचं एकदाच राहू दे."

मी हो म्हणाले. तसं म्हणायचा मला काही अधिकार नव्हता, रेकॉर्डिंग माझं नव्हतं. पण हो म्हणाले.

महिन्याभरानं टिपणीस सर स्वतः माझ्या टेबलाशी आले. खूश होते. वरच्या लोकांना ते प्रकरण फार आवडलं होतं. नव्या मुलामुलींना शिकवताना हाच व्हिडिओ दाखवायचा असं ठरलं होतं, दर तुकडीला, सगळ्या शाखांमधून. दोन्ही बायका शेजारी शेजारी आणि शेवटी ती हाक.

"तो दाखवू नका सर," मी म्हणाले.

"का? अगं, तुझंच कौतुक आहे त्यात."

"तिनं नको सांगितलंय."

"संमतीपत्रात लिहिलेलं आहे, प्रशिक्षणासाठी वापरू शकतो."

"ते संमतीपत्र सुंद्राबाईनं दिलंय सर. हिचं कुठं आहे?"

सरांनी खुर्ची ओढून घेतली आणि खरं कारण विचारलं, आणि मी सांगितलं. दर वेळी वाजवलं की तिच्या नवऱ्याचं आयुष्य कमी होईल म्हणून. मला वाटलं, आता हे हसतील, आणि हसले असते तर मी त्याच दिवशी नोकरी सोडली असती, माझा स्वभाव मला माहीत आहे. ते हसले नाहीत. म्हणाले, "माझी आजी कुंकवाचा करंडा कुणाला हात लावू द्यायची नाही. आजोबा कैलास यात्रेला गेले होते तेव्हा तर नाहीच." मग वर काय कळवायचं ते दोघांनी मिळून ठरवलं. व्हिडिओ कुलपात राहिला आणि त्याच्या बदल्यात दर नव्या तुकडीला ती गोष्ट तोंडी सांगायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

ते आजवर माझ्या गळ्यात आहे. कंपनी मोठी झाली, मशीनं हुशार झाली, टिपणीस सर दुसरीकडं गेले. मी दर तुकडीपुढं उभी राहून हे सांगते, आत्ता तुम्हाला सांगितलं तसंच. हिवरतळला आता चहूकडं काळ्या काचा लावल्यात आणि मधे ते पत्र्याचं घर आणि शेवगा. शेळ्या काचांच्या सावलीत बसतात आणि कंपनीचा वॉचमन त्यांना हाकलत दमतो. गयाबाई थकलीय, बांगड्या अजून हातात आहेत. तिचा माणूस आलेला नाही.

गोष्ट संपली की वर्गातून एखादं पोर हात वर करतंच. शंकाखोर असतात, कामाला तशीच लागतात. परवाच्या तुकडीत एक चुणचुणीत मुलगी होती.

"मॅडम, सगळं सांगितलंत. पण त्या बाईच्या नवऱ्याचं नाव काय होतं?"

"तुला कशाला पाहिजे?"

"असंच. तुम्ही एकदाही घेतलं नाहीत म्हणून विचारलं."

"हां," मी म्हणाले. "नाही घेतलं."